हजेरीवरच्या त्रेचाळीस सह्या

मी, जानी शुक्रा धोडी, वय ६७, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार निंबारपाडा, तालुका तलासरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डहाणूच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचे सांगितले, तेव्हा मी त्यांना फक्त परतीच्या एसटीची वेळ विचारली, यावरून समजावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे आता इकडे फिरकत नाहीत.

१. भांडी, शिलाई मशीन व दोन शेळ्या मुलगी संगिता हिला. ती बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला आहे. शेळ्या विकू नयेत असे लिहिणार होते, पण ती विकणारच. निदान बाजार बघून विकाव्यात.

२. धाकटे दीर हिरू यांनी आमच्यातला बांध दोन पावसाळ्यांत माझ्याकडे चार हात सरकवला. तो आता त्यांचाच. डोंगरापलीकडची खाण इथवर आली की बांधही जाईल आणि वादही, म्हणून हे भांडण मी इथेच मिटवते.

३. प्रशिक्षणात मिळालेले संविधानाचे पुस्तक पाड्यावरच्या शाळेला द्यावे. त्यातले एकही वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते आमच्या दवाखान्यासारखे आहे: इमारत पक्की, पाटी रंगवलेली, आत कोणी भेटेल की नाही ते आपले नशीब.

४. आता जमीन. डोंगराच्या पायथ्याची दीड एकर, भात-नाचणीची, सातबारा माझ्या एकटीच्या नावे. तिच्यासोबत एक दावा आहे, तो कसा आला ते लिहिणे भाग आहे.

वीस वर्षे मी दुपारच्या वेळी अंगणवाडीच्या ओट्यावर बायकांना सही शिकवली. अंगठा देईल तिला चहा नाही, असा माझा नियम होता. आमच्या लोकांच्या जमिनी अंगठ्यावर गेल्या, सहीवर जाणार नाहीत, अशी माझी समजूत. खाणीच्या ग्रामसभेला मीच वहीपाशी उभी राहून त्रेचाळीस जणींकडून सह्या करून घेतल्या. हजेरीची वही आहे, असे ग्रामसेवकाने सांगितले होते. पानाच्या वरच्या चार ओळी कोऱ्या होत्या. मी त्या पाहिल्या. वाटले, तारीख-वार घालायचे असतील. पुढे त्याच ओळींत, आम्हा सर्वांची खाणीस संमती आहे, असे आले. सह्या खऱ्याच होत्या. चूक माझी, आणि ती मला कबूल आहे.

पुढच्या ग्रामसभेत हे सांगायला निघाले, तर शांतता बिघडू नये म्हणून मला दिवसभर पोलीस चौकीच्या बाकावर बसवले. मी शांतच होते. संध्याकाळी घरी सोडले, तोवर सभा झाली होती.

मग ती संमती रद्द व्हावी म्हणून आम्ही बायकांनी दावा लावला. त्याला सहा वर्षे झाली. एकेकीने नाव काढून घेतले. शेजारीण गंगी, माझ्याकडे सर्वांत आधी सही शिकलेली, तिनेही घेतले. विचारले तर म्हणाली, "बाय, अंगठा असता तर बोलली असती, माझा नाय. आथा सही तर माझीच हाय ना."

वकीलसाहेब माणूस चांगला. "बाई, तुमचा हक्क शाबूत आहे, फक्त सुनावणी व्हायची आहे," असे दर तारखेला सांगतात. पूर्वी ते ऐकून मला रडू यायचे. आता काहीच होत नाही. डोंगरापलीकडे सुरुंग उडाला की मी चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवते.

दाव्यात मी एकटी उरले आहे. माझ्यामागे जमिनीचा वारस उभा राहिला नाही, तर दावा तिथेच संपेल. संगिताची पोरे लहान, ती घाबरते. मुलगा संदीप त्याच खाणीवर डंपर चालवतो. त्याला म्हटले, जमीन घेशील तर दावाही घ्यावा लागेल. तो जेवत होता. म्हणाला, "आई, मग जमीन पण नको." मला वाईट वाटले, पण त्याच्यावर राग नाही. राहते घर त्याला व सून वर्षा हिला.

यापुढच्या सहा ओळी मी खोडल्या आहेत. दावा माझ्याबरोबर संपला तरी चालेल, असे त्यांत लिहिले होते.

५. खाडाखोडीचा खुलासा. आज सह्यांपूर्वी हे पत्र साक्षीदारांना वाचून दाखवले. गंगी साक्षीदार म्हणून आली होती. त्या सहा ओळी ऐकून ती म्हणाली, "ती जमीन माझे नावावर लिव. दावा पण लिव."

मी म्हटले, "गंगी, तुला चौकीत नेऊन बसवतील."

"बसवू दे. घरी पण बसलेलीच हाय."

तिला पुन्हा विचारले, विचार करून सांग. ती म्हणाली, "तू लिव. मी वाचून बघतेय."

म्हणून वरील दीड एकर व तिच्यासोबतचा दावा गंगी काळ्या वरठा हिला. या ओळीत माझे अक्षर वाकडे आले आहे. ते आजाराने नव्हे, मला रडू आले म्हणून.

ठिकाण: निंबारपाडा, तालुका तलासरी
दिनांक: ११ मार्च २०२५
सही: जानी शुक्रा धोडी

साक्षीदार:
१. रविंद्र बारक्या सांबर, निवृत्त पोस्टमन (सही)
२. पुतळी दिपक काटेला, आशा सेविका, ऐनवेळी बोलावून आणली (सही)
३. गंगी काळ्या वरठा. हे नाव सहीपूर्वी खोडले. वारसाला साक्षीदार होता येत नाही.