एजंटांनी वर चढू नये

प्रिय मेहुणेबुवांस,

सप्रेम नमस्कार. तुमची प्रकृती उत्तम असणार असं धरून चालतो. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीला काय धाड भरणार? इकडे मी ठणठणीत आहे. तुमच्या ताईचा उजवा गुडघा मात्र आता दुसऱ्या मजल्यापर्यंतच साथ देतो. तिथल्या शेजाऱ्यांनी तिच्यासाठी दाराबाहेर एक खुर्चीच मांडून ठेवली आहे. ती बसते, सगळ्या इमारतीची खबरबात घेते आणि मग उरलेले दोन मजले चढते. (उशीर गुडघ्यामुळे होतो की खबरबातीमुळे, हे विचारायची माझी छाती नाही.) म्हणून तर तुमच्या गल्लीतल्या त्या बैठ्या घरावर आमचा डोळा आहे. त्याचे मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. तोवर आमचं हे चौथ्या मजल्यावरचं घर विकलं गेलं नाही, तर ते घर दुसऱ्याच्या घशात जाणार आणि तुमची ताई खुर्चीवरच राहणार.

तुम्ही स्वतः घरांचे एजंट. ‘भावोजी, माझ्यावर सोपवा,’ असं तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात आणि त्यावर मी एक भाषण ठोकलं होतं. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसले की मधला माणूस हवा कशाला, हा माझा मुद्दा अजूनही जागचा हललेला नाही. त्याप्रमाणे मी गॅलरीत ठळक अक्षरांत पाटी टांगली : ‘घर विकणे आहे. एजंटांनी वर चढू नये.’ पाटीचा गुण आला. एजंट वर चढत नाहीत. खाली उभे राहून वाचतात आणि हसत पुढे जातात.

गिऱ्हाइकं मात्र आली. सर्वांत आधी आलं ते एक नवं लग्न झालेलं जोडपं. आता तुम्हाला माहीतच आहे, माझा उभा जन्म पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात गेला. माझ्या टेबलावरून खोट असलेला एकही पंप पुढे सरकलेला नाही. (कारखान्याचे मालक याबद्दल फारसे खूश नसत, पण तो विषय वेगळा.) तेव्हा हातात टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन मी त्या जोडप्याला घर दाखवलं. फरशीवर टकटक करून पोकळ फरश्या ऐकवल्या. कपाट सरकवायला नवऱ्या मुलालाच हात लावायला लावला आणि मागची ओल दाखवली. न्हाणीघरातला नळ बंद करण्याआधी डावीकडे किती दाबावा लागतो, हे मुलीकडून करून घेतलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ व्हायोलिन शिकतात आणि त्यांना ते येण्याची चिन्हं नाहीत, हेही सांगितलं. दोघं इतकी भारावून गेली की जाताना माझ्या पाया पडली. घर घेतलं नाही. पण चारच दिवसांनी फोन आला, ‘काका, आम्ही दुसरं एक घर बघतोय. तुम्ही जरा येऊन टकटक कराल का?’

गेलो. नाही कसं म्हणणार? पुढे तसंच होत गेलं. जो आमचं घर बघून जातो, तो मला दुसरं घर बघायला घेऊन जातो. मी ‘चालेल’ म्हटलं की सौदा पक्का. आजवर माझ्यामुळे तीन घरं विकली गेली. त्यांत आमचं तेवढं नाही. खालचे ते हसणारे एजंट आता मला वाकून नमस्कार करतात, हे तुमच्या ताईला मी अभिमानाने सांगायला गेलो, तर तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि गुडघ्याला तेल चोळायला घेतलं.

मग गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. चार मजले चढून आल्या तरी धाप नाही. खिडकीपाशी उभ्या राहिल्या, झाडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मला आवडलं. घेते मी.’ तुमची ताई आनंदाने चहा टाकायला उठली. पण मला ते बघवेना. कुणी पंपाचं झाकणसुद्धा न उघडता असा पंप घेतो का? मी म्हटलं, ‘अहो बाई, असं बघितल्याशिवाय हो म्हणू नका!’ आणि टॉर्च काढली. ‘बसा ना हो जरा,’ असं तुमची ताई स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाली. मला वाटलं ती बाईंना म्हणते आहे. दीड तास मी एकही कोपरा सोडला नाही. शेवटी बाई ‘विचार करून कळवते’ म्हणून गेल्या. त्यानंतर तुमची ताई माझ्याशी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलली. एकच वाक्य बोलली. ते इथे लिहीत नाही, पत्र तुमच्या घरी मुलंही वाचतात.

असो. एकंदरीत अनुभव फार छान आहे. रोज नवी माणसं भेटतात. एजंटाची गरज कुणालाच नसते, हे माझं मत तुम्हाला पटलं असेलच.

तुमचा,
भावोजी

ता. क. : रविवारी सहज इकडे या. येताना तुमच्या धंद्याचे कागद पिशवीत असले तरी चालतील. घर विकायचं तुम्हीच बघा. पाटी मी उतरवली आहे. (धुवायला.) हे मी सुचवलं असं तुमच्या ताईला कळू देऊ नका, तुम्हीच हट्ट धरलात असं दाखवा.

ता. क. २ : दलाली नात्यापायी कमी करू नका. मात्र न्हाणीघरातल्या नळाचं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलंच पाहिजे.

ता. क. ३ : बाळा, मी ताई. पाकीट चिकटवायला मलाच देऊन हे चपला घालून बाहेर पडले, म्हणून पत्र वाचलं. डॉक्टरीणबाईंचा काल फोन आला होता, त्या घर घेतायत, रविवारी कागदांवर सही करायला येतायत. म्हणाल्या, ‘बाकीच्या घरांत काय लपवलंय ते कळत नाही. तुमच्याकडे लपवायला काही उरलंच नाही.’ यांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर आणखी एखादी खोट शोधून त्यांना कळवतील. तू रविवारी नक्की ये. विकायला नको, यांना फिरायला घेऊन जा. सहीपुरतं घरी आण, सही झाली की परत घेऊन जा. फक्त तुझ्या गल्लीत नेऊ नकोस, तिथलं ते बैठं घर मला आवडलंय. टॉर्च आणि हातोडी मी पिठाच्या डब्यात ठेवली आहे.