गिरजाचं ‘येते मंग’

९ जून, सोमवार
मुंबईहून वैशूचा फोन. शेवटच्या भागापर्यंत गिरजाचा आवाज तीच देणार. लेक माझी! कार्टून मालिका असली म्हणून काय झालं? तीनशे वर्षांपूर्वीची लढवय्यी गिरजा बारवेत पडते आणि आजच्या एस.टी. स्टँडवर ओलीचिंब निघते. कंडक्टरवर तलवार उपसते. अख्खं अंबड बघतं.
शेजारच्या शकूबाई म्हणे, “मॅडम, पोरगी टीव्हीत काम करून राह्यली म्हणता, पन तोंड तं दिसत न्हाई!”
म्हटलं, “देवाचं तरी कुठं दिसतं?”

१२ जून, गुरुवार
डोकं तापलंय. शेवटी गिरजा बारवेत उतरून आपल्या काळात परत निघते. कागदावर वाक्य, “जाते मी.” हिंदीवरून उतरवलेलं, दुसरं काय. दारातून निघताना आपल्यात कुणी ‘जाते’ म्हणतं? माणूस जातं ते एकदाच. वैशू म्हणाली, “येते मंग.”
डायरेक्टर म्हणे, ती परत येणारच नाही, मग ‘येते’ कशाला? शिवाय ‘मंग’ गावठी वाटतं. हट्ट धरलास तर पुढची मालिका दुसरीला.
गावठी! कॉन्व्हेंटात सिस्टरांनी माझं इंग्रजी घासूनपुसून लख्ख केलं, पण घरचं ‘मंग’ काढायची त्यांचीही हिंमत झाली नाही. बारव आमची, तलवार आमची, आणि निरोप तेवढा परका?

१४ जून, शनिवार
दोन्ही वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. ठेवणार कोणतं, सांगत नाहीत.
विचारलं, “‘जाते’ मुद्दाम वाईट म्हणालीस ना?”
“न्हाई आई. तेही जीव लावूनच म्हटलं. काम खोटं करता येत न्हाई मला.”
चहा गार झाला हातात.

२२ जून, रविवार
शेवटचा भाग आज. तोंड न दिसणाऱ्या पोरीसाठी शकूबाई घरची शेव घेऊन आल्या. सोबत अर्धी गल्ली.
वैशूचा फोन येऊन गेला. पुढच्या मालिकेचं अजून काही कळवलेलं नाही. “मी बघत न्हाई आई, तूच सांग काय ठेवलं ते.” आणि फोन ठेवताना, इतक्या लांबून, “येते मंग.”
पडद्यावर बारवेच्या पायऱ्या दिसायला लागल्या. शकूबाईंची हाक, “मॅडम, या जल्दी! चालली गिरजा!”
चालली काय, शकूबाई. तिला बोलू तर द्या.