आतला खिळा

१२ ऑक्टोबर
विमानाने मला बेटावर उतरवलं आणि लगेच पळ काढला. आता वर्षभर या हवामान केंद्रातच. जागा मला बघताक्षणी आवडली. केंद्राच्या खालीच छोटं तळं, मग काळ्या वाळूचा बांध, पलीकडे समुद्र. तळ्यात लाल पोटाचे मासे आहेत. त्यांचं वेड फक्त ओडवारला, आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला. तळ्यावरचा बर्फ खालून कुरतडलेला असतो, एकट्याने जायचं नाही, असं त्याने मला बजावलं. स्वतः मात्र रोज एकटाच जातो.

दाराशी एक फळी आहे. 'आत' आणि 'बाहेर' असे खिळे, आणि प्रत्येकाच्या नावाची लाकडी चकती. जाता-येता आपली आपण हलवायची. सगळ्या चकत्या आत आल्याशिवाय स्वयंपाकीण राग्नहिल जेवणाची घंटा वाजवत नाही. जो आला नाही त्याला शोधायला सगळे निघतात. घंटा तळ्यापर्यंत ऐकू जाते. दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. "नव्या, चकती विसरलास तर स्वतः उपाशी मरशील आणि आम्हालाही मारशील," राग्नहिल म्हणाली. सगळे खो खो हसले.

२ नोव्हेंबर
आज कोबी घालून शिजवलेलं मटण होतं. पोटात कावळे ओरडत होते. सगळे जमले, एका ओडवारची चकती तेवढी बाहेर. तेवढ्यात दारात बूट आपटल्याचा आवाज आला. आला म्हातारा, चकती विसरला असेल, म्हणून राग्नहिल फळी बघायला येण्याआधी मीच ती आत लावली. घंटा झाली. तो काही टेबलावर आला नाही. मासा मिळाला नसेल, रुसून खोलीत बसला असेल, म्हणत राग्नहिलने त्याचं ताट झाकून ठेवलं. मी दोनदा वाढून घेतलं.

३ नोव्हेंबर
ताट सकाळीही तसंच. तळ्याच्या बर्फाला भोक पडलंय, काठावर त्याचा एक हातमोजा. भोकाच्या कडेला नखांचे ओरखडे, पुष्कळ. बराच वेळ धरून होता म्हणे. म्हणजे घंटा त्याने ऐकली असणार. प्रेत सापडलं नाही.

सगळे म्हणतात, म्हातारा चकती बाहेर लावायलाच विसरला. मी गप्प बसलो. बूट मी खरंच ऐकले होते, की भुकेने ऐकवले? मी त्याला मारलं.

९ नोव्हेंबर
सूर्य आता उगवतच नाही. ओडवारची चकती मानाने आतच ठेवली होती. आज ती बाहेर होती. ओली. असली थट्टा कुणाला सुचली म्हणून राग्नहिलने सगळ्यांना फैलावर घेतलं.

१४ नोव्हेंबर
पुन्हा बाहेर. पुन्हा ओली. राग्नहिल फळीपाशी उभी राहून रडली. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं — दारात बूट आपटले. दुसऱ्या कुणालाच ऐकू आले नाहीत.

१७ नोव्हेंबर
त्याच्या शेजारी माझीही चकती. बाहेर. मी आत असताना —

१८ नोव्हेंबर
आज जेवताना सगळं सांगणार. आधी तळ्यावर जाऊन त्याची माफी मागतो. चकती बाहेर लावली, दोनदा हात लावून पाहिली. वही खिशात घेतली.

तळ्यावर. माफी मागितली. पाय बर्फात गेला, गुडघ्यापर्यंत. ओढला तर — खालून कुणीतरी —

घाबरायचं नाही. चकती बाहेर आहे. घंटा होणार नाही. येतील शोधायला.

गारठा वर चढतोय. केंद्राचे दिवे दिसतात. ओडवार, मी सांगणारच होतो, शपथ —

घंटा. घंटा वाजली.

म्हणजे माझी चकती कुणीतरी आत —