पूर्वेच्या खिडकीचं धम्मचक्र

२ मार्च, रविवार. निमोणे.
विहारात मीटिंग. पूर्वेच्या गोल खिडकीला दोन वर्षं प्लायवूड ठोकलेलं. काय बसवायचं यावर तासभर चर्चा. शेवटी मी उठलो आणि जाहीर केलं: रंगीत काचांचं धम्मचक्र, पंचशील ध्वजाच्या पाची रंगांत, स्वतः करून देतो. बुद्धपौर्णिमेला तयार. ऊन, वारा, पाऊस, पन्नास वर्षं बघायला नको. टाळ्या.
सणसवाडीच्या कंपनीत अकरा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. टिकाऊ म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. व्हिडिओपण बघितलेत, तीन.
घरी आल्यावर करुणा म्हणाली, अहो, आधी आपल्या बाथरूमची कडी बसवा. स्वतःची बायको, पण व्हिजन नाही.

९ मार्च, रविवार.
काच कापायला सुरुवात. चार बोटांना पट्ट्या. काच आपल्याला हवी तिथं तुटत नाही, तिला हवी तिथं तुटते. मटेरियल डिफेक्ट.
चक्राला चोवीस आरे ठरवले होते. आता आठ. अष्टांगिक मार्ग. अर्थाच्या दृष्टीनं जास्त खोल आहे. कापायला सोपं पडतं हा योगायोग.

२३ मार्च, रविवार.
कॉपर टेप लावून सोल्डरनं सहा काचा जोडल्या. शिरूरला गोकुळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात दाखवायला नेल्या, कौतुकासाठी. त्यानं कौतुक केलं नाही. म्हणाला, घरात लावायचं असंल तर चालंल. बाहेरच्या भिंतीला लावायचं तर भोवती लोखंडी फ्रेम पायजे, मागून दोन आडव्या सळया पायजेत, फटीत पुट्टी पायजे, आन् खाली पाणी जायला भोक.
मी सांगितलं, ही कला आहे, गोठ्याचं फाटक नाही. सळईनं चक्राचा लूक जातो.
तो म्हणाला, भाऊ, वाऱ्याला कुठं कळतंय कला हाय का फाटक. तरी खिडकीचं माप लिहून घेतलं. घेऊ दे.

६ एप्रिल, रविवार.
टेस्टिंग. नारिंगी काच मिळाली नाही, म्हणून पांढऱ्या काचेवर नारिंगी रंग दिला. फरक ओळखू येत नाही (लांबून).
रेन टेस्ट: एक मग पाणी. पास. करुणा म्हणाली, पाऊस काय मगानं पडतो व्हय? मग शॉवरखाली धरलं. चार मिनिटं. टाकी रिकामी झाली, म्हणून पास.
हीट टेस्ट: दुपारभर गच्चीवर. मधोमध थोडं पोट आलंय. कंपनीत हा पीस मी रिजेक्ट केला असता. पण घर म्हणजे कंपनी नव्हे.

१४ एप्रिल.
जयंती. मिरवणुकीत सगळे एकच विचारत होते, चक्र कुठवर आलं? सोजरआत्यांनी हात धरून बाजूला घेतलं. रोज पहाटे विहार त्याच झाडतात. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला माणसं दिसत नाहीत, नुसता उजेड आणि रंग दिसतो. म्हणाल्या, सम्राट, फरशीवर रंग पडत्यात म्हणं. मला दिसतील का रं?
म्हणालो, शंभर टक्के.
गोकुळकडे परत जावं का, असा विचार आला. मिरवणुकीत राहून गेलं.

४ मे, रविवार.
बसवलं! पहाटेच प्लायवूड काढलं, कडेनं सिलिकॉन भरलं. सकाळी सातला ऊन आलं आणि फरशीवर निळा, पिवळा, तांबडा. आत्या खाली बसल्या. हात निळ्यात ठेवला, मग तांबड्यात. बराच वेळ तसंच, इकडून तिकडं. माझ्या डोळ्यात सिमेंट गेलं होतं.
गोकुळला फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'विदाउट फ्रेम'. उत्तर नाही. हरला.

९ मे, शुक्रवार.
शिफ्टवर असताना करुणाचा फोन. निमोण्यात वळवाचा वारा, गारा. नारिंगी रंग भिंतीवरून खाली आला. खालचा अर्धा भाग आत पडला.
आत्या त्याच खिडकीखाली बसल्या होत्या. पाच मिनिटं आधी, पाऊस आत येतोय म्हणून सतरंज्या उचलायला उठल्या.
फोन ठेवला. जर्किन चढवलं. एसी फार आहे आमच्याकडं.

१० मे, शनिवार.
रूट कॉज अॅनालिसिस. पाच वेळा 'का' विचारायचं असतं. का पडलं? वारा आला. का आला? वादळ. तरी बाकीच्या खिडक्या का नाही पडल्या? इथं थांबलो. चौथा 'का' माझ्याकडं वळत होता.
संध्याकाळी करुणानं गोकुळला फोन लावला. मी नाही.

११ मे, रविवार.
गोकुळ टेम्पो घेऊन हजर. त्यात गोल फ्रेम, सळयांसकट, गंज लागू नये म्हणून रंग दिलेली. एका रात्रीत कशी केली विचारलं. म्हणाला, मार्चमधीच केली हुती. तुम्ही याल म्हणून ठिवली.
काही सूचना न देता फ्रेमची एक बाजू उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
वरच्या काचा वाचल्या होत्या. खालच्या नव्यानं कापायच्या होत्या. करुणानं काच कापायची हिरकणी हातात घेतली. पहिलीच काच सरळ कापली. नारिंगीही गोकुळनं खरी आणली होती. पुट्टी त्या दोघांनी भरली. वाळेपर्यंत बाहेरून प्लास्टिक.
मी शिडी धरली. नीट धरली.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.
चार पानांचं भाषण खिशात. वंदनेनंतर माईकवरून आभार: काचेसाठी करुणाताई, फ्रेमसाठी गोकुळशेठ. माझं नाव सतरंज्या आणि मंडपवाल्यांच्या मध्ये.
पाची रंग फरशीवर. आत्या मधोमध. मी जवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं, आत्या, परवाचं माझ्यामुळं पडलं. त्या म्हणाल्या, ठावं हाय. मग माझा हात ओढून नारिंगीत ठेवला. तो तसाच धरून म्हणाल्या, गोकुळच्या हाताखाली ऱ्हा थोडं दिस. चांगला हाय त्यो.
जेवणाच्या पंगतीत गोकुळला विचारलं, रविवारी दुकानात शिकायला येऊ का. त्यानं भाताचा घास संपवला आणि म्हणाला, या की. झाडू मारता येतो का?
म्हणालो, येतो.