टोमणे तीन जागी ठेवावेत

मी, बन्सीधर व्यंकटराव दुधाटे, वय चौपन्न, धंदा रेल्वेतली नोकरी आणि उरलेल्या वेळात लोकांची टिंगल लिहिणे, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी नांदेडला माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघत होते. म्हणून हा कागद.

कलम १. पूर्णेतले राहते घर व बँकेतली ठेव पत्नी सौ. कस्तुरा हिला. घर तसेही तिचेच आहे. मी त्यात परवानगीने राहतो.

कलम २. चुलतभाऊ मुंजाजी याला माझा बंद पडलेला जुना संगणक, त्यावरच्या वाळलेल्या झेंडूसकट. 'म्हाताऱ्यांच्या शिव्या गोळा करून कुणाचं भलं झालंय' असे तो मला अकरा वर्षे विचारीत आला आहे. आता त्याने हे त्या संगणकालाच विचारावे.

कलम ३. माझी खरी इस्टेट म्हणजे टोमणे. पूर्णा, चुडावा आणि भोवतालच्या गावांतल्या एकशे अठ्ठेचाळीस म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मी त्यांच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड केले. सुनेला, जावयाला, सरपंचाला, देवाला मारलेले टोमणे. त्यातली निम्मी माणसे आता नाहीत. माझे वडील व्यंकटरावही त्यांत आहेत. त्यांचा एवढाच आवाज शिल्लक आहे, आणि तो मला उद्देशून आहे: "ह्याच्या हाती देवाचं तीर्थ दिलं तरी सांडतंय."

दीड वर्षापूर्वीच्या खंडेनवमीला वडील खरे ठरले. शेतकरी पांभर-कुळव पुजतो, मी संगणक पुजला. आवाजांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर होती आणि ती कपाटात असायची, इथपर्यंत माझी अक्कल शाबूत होती. पण हत्यारांत तिलाच का वगळायचे, म्हणून तिलाही बाहेर काढले आणि संगणकाला जोडून त्याच पाटावर बसवले. वर नारळ फोडला. पाणी दोघांनाही सारखे मिळाले. मोबाईलवर आपोआप जाणारी तिसरी प्रत होती, असा माझा समज होता. पण ती सोय केल्यापासून आठ महिने तिथली जागा भरल्याची सूचना रोज सकाळी येत होती, मी ती रोज सकाळी पुसत होतो, आणि तिथे एकही आवाज पोचला नव्हता. नांदेडच्या कारागिराने दोन्ही वस्तू उघडून बघितल्या आणि हात जोडले.

कलम ४. या कलमात कुणालाही काही दिलेले नाही. हे केवळ माझ्या सासूबाई श्रीमती दगडाबाई यांच्याविषयी आहे. मी त्यांना मामी म्हणतो. सव्वीस वर्षे मी त्यांच्यावर लेख लिहून हशा मिळवला. तो हशा आज परत करतो.

दसऱ्याला सोनं द्यायला चुडाव्याला गेलो, तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "दोन्ही एकाच पाटावर मांडलं व्हय, जावाई?"

मी मान हलवली.

"देवापुढं मूठभर ठेवायचं असतंय. समदं बियाणं न्हाई."

मामी जवारीचे बी तीन जागी ठेवतात: थोडे घरात मडक्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून, थोडे शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपीत, आणि थोडे येलदरीला, धाकट्या लेकीच्या घरी. घर जळाले तर आखाडा, आखाडा बुडाला तर येलदरी. दोन वर्षे पेरणी मोडली तरी त्यांनी बियाण्यासाठी कुणाचे दार वाजवले नाही.

मग त्या आत गेल्या आणि मडक्यात कोपरापर्यंत हात घालून प्लास्टिकची पुरचुंडी काढली. आत माझा पेनड्राइव्ह. चार वर्षांपूर्वी ऐकायला म्हणून दिला होता. स्पीकर बिघडला, तेव्हा जपायची वस्तू जिथे जपतात तिथे त्यांनी तो ठेवला. घरी आणून लेक सृष्टीच्या लॅपटॉपला लावला. सत्त्याण्णव आवाज निघाले. वडील एकोणचाळिसावे. तीर्थाचे वाक्य ऐकून मी लेकीसमोर रडलो, आणि तिने ते पुन्हा लावले.

उरलेल्या एक्कावन्न जणांची मी या मृत्युपत्राद्वारे माफी मागतो. त्यांतल्या कुणी वर भेटल्यावर टोमणा मारला, तर रेकॉर्ड करायला जवळ काही नसेल.

कलम ५. सर्व आवाजांची मालकी कन्या सृष्टी हिच्याकडे. तिने एक प्रत घरच्या संगणकात, एक डिस्कवर चुडाव्यात आणि एक इंटरनेटवर आपल्या खात्यात ठेवावी. प्रत उतरवली की डिस्क लगेच सोडवून परत चुडाव्याला पाठवावी. सणावाराला तिन्ही एका छताखाली आणू नयेत, मुंजाजीने मुहूर्त काढून दिला तरी.

आणि नुसते ठेवून भागत नाही. पेरणीआधी मामी ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजतात. त्याच आठवड्यात सृष्टीने प्रत्येक प्रतीतून कुठलेही पाच आवाज उघडून शेवटपर्यंत ऐकावेत. गेल्या जूनमध्ये मी ऐकत होतो, तेव्हा मामींनी फोन करून विचारले, "उगवलं का?" मी सांगितले, पाचच्या पाच. "मंग पेरा," म्हणाल्या. त्याच दिवशी मी नव्या म्हाताऱ्यांकडे जायला पुन्हा सुरुवात केली. आता एकशे बारा झाले आहेत. गुरुवारी काही कमीजास्त झाले, तर एकशे तेरावा सृष्टीने घ्यावा.

कलम ६. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. मामींना मी काहीच देत नाही, फक्त राबवतो; म्हणून त्यांचा अंगठा चालतो. त्यासाठी आज हा कागद त्यांना वाचून दाखवला. स्वतःची स्तुती त्यांनी तोंड न हलवता ऐकली. शेवटी विचारले, "ह्याची दुसरी कुठाय?"

मृत्युपत्र एकच असते, असे मी म्हणालो.

त्यांनी शाईची डबी माझ्याकडे सरकवली. "मंग अंगठा न्हाई."

सबब हे मृत्युपत्र मी स्वतः तीन वेळा लिहिले आहे. तिन्हींवर सह्या सारख्याच आहेत आणि तिन्ही अस्सल समजावीत.

लिहून ठेवणार: बन्सीधर व्यंकटराव दुधाटे (सही)

साक्षीदार:
१. श्रीमती दगडाबाई, रा. चुडावा (डाव्या हाताचा अंगठा, तिन्ही प्रती मोजून मग दिलेला)
२. सिद्धोधन, रेल्वेतले सहकारी, रा. पूर्णा (सही)

ठिकाण: पूर्णा. दिनांक: १८ मे २०२५.

ही प्रत तिसरी. बियाण्याच्या गाठोड्यासोबत येलदरीला.