खांबवाली, चकतीवाला आणि एक दुकान

मी, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारी, गल्लीतल्या लहानथोरांची अक्का, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे. जन्मभर मशीनच्या पोटात हात घातले, आता माझ्या छातीत कोणी दुसरा घालणार, म्हणून आधी निरवानिरव करते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो माझ्या धाकट्या भावाला मुद्दाम दाखवावा, कारण त्याला या बाबतीत पूर्वीपासून शंका आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझी राहती खोली, त्यातलं सामान आणि दवाखान्याचा खर्च भागून बँकेत जे उरेल ते माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला मिळावं. लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. खोलीत तिने बापाला सुटे भाग ठेवू देऊ नयेत. बोट दिलं की हात धरतो तो.

कलम २. भावजयीला काही द्यायचं फार मनात होतं. धाकटा आणि मी एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो, तेव्हाही ती मागच्या दाराने माझा डबा आणत राहिली. "भांडण मशीनचं आहे अक्का, जेवणाचं नाही," म्हणायची. काय हवं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही धडधाकट परत या, मला दुसरं काही नको." ते माझ्या हातात नाही. म्हणून इथे फक्त तिचे उपकार लिहून ठेवते. ते फिटायचे नाहीत.

कलम ३. माझी मतं कोणाच्या नावावर करता येत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. तरी लिहिते, कागद माझा आहे.

वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये मधोमध पात्यांचा उंच खांब असतो, तो ॲजिटेटर. तो डावीउजवीकडे हिसके देत कपडे आपल्यापाशी खाली ओढतो आणि टबाच्या कडेने वर काढतो. मळ निघतो म्हणजे निघतोच. धाकट्याचा जीव पल्सेटरवर, म्हणजे तळाशी बसवलेल्या बुटक्या चकतीवर. खांब नाही म्हणून जाड पांघरूण मावतं, पाणी कमी लागतं, कपडा कमी झिजतो. हे सगळं मला मान्य आहे. पण कपड्यांनी एकमेकांना घासायचं आणि चकतीने खाली बसून मजा बघायची, याला मी धुणं म्हणत नाही. शिवाय बाह्याबाह्यांचा असा गुंता होतो की एक सदरा ओढला तर अख्खं घर बाहेर येतं.

भांडण कसं झालं तेही सांगते, नाहीतर धाकटा आपल्या सोयीने सांगेल. आमचे वडील दुरुस्त केलेल्या मशीनमध्ये पांढऱ्या कपड्यांवर एक लाल मोजा टाकत आणि तो बुडून पुन्हा कधी वर येतो ते पाहत. मोजा नीट फिरला तर मशीन गिऱ्हाइकाकडे जाई. वडील गेल्यावर आम्ही एक खांबाचं आणि एक चकतीचं मशीन शेजारीशेजारी लावलं, म्हटलं एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. दातांच्या डॉक्टरांचं मशीन आमच्याकडे दुरुस्तीला होतं, म्हणून त्यांचे पांढरे कोटही आमच्याकडेच धुवायला होते. जुना मोजा विरला होता. धाकट्याने नवी जोडी आणली, एक त्याच्या मशीनमध्ये टाकला, एक माझ्या. पाणी गरम होतं. मोजा आधी माझ्याकडे कडेने वर येतो की त्याच्याकडे मधून, यावर दोघं असे डोळे लावून बसलो की पाण्याचा रंग कोणी पाहिलाच नाही. झाले सगळे कोट गुलाबी. तो म्हणाला, तुझ्या खांबाने रंग पिळून काढला. मी म्हटलं, तुझ्या चकतीने तो पसरला. शब्दाने शब्द वाढला आणि धाकट्याने रस्त्यापलीकडे वेगळं दुकान थाटलं. डॉक्टरांनी मात्र कोट तसेच वापरले. मुलं कमी रडतात म्हणाले.

कलम ४. माझी सगळी हत्यारं भिंगरीला. बापाचं दुकान समोर असून ती माझ्याकडे शिकायला आली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तिला दोन तुकड्यांचा ॲजिटेटर आवडतो. त्याचा खालचा भाग हिसके देतो, वरचा स्क्रूसारखा एकाच दिशेने फिरत कपडे खाली ढकलतो. मी एकदा चिडून विचारलं, "तू नक्की कोणाच्या बाजूची गं?" तर म्हणाली, "कपड्यांच्या, आत्या."

कलम ५. दुकान वडिलांनी घेतलं आणि माझ्या नावावर केलं. त्यात अर्धा वाटा आपला आहे असं धाकट्याला वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं काही चुकत नाही. सगळं भिंगरीला दिलं आणि तो कोर्टात गेला, तर माझ्यामागे बाप-लेक एकमेकांना दुरावतील. मला मरणाची नाही, याची धास्ती आहे. म्हणून रस्त्याकडची अर्धी बाजू धाकट्याला, मागची अर्धी भिंगरीला, मध्ये पार्टिशन घालावं. मागच्या जागेत मशीन आडवं पाडता येणार नाही, आणि आडवं पाडल्याशिवाय खालचं काम होत नाही. म्हणजे पोरीचं दुकान बंदच पडणार, हे मला कळतं. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

सही करण्यापूर्वीची नोंद. वरचं कलम ५ खोडलेलं दिसेल, त्याची हकीकत अशी. आज वकीलबाईंनी साक्षीदार म्हणून दातांचे डॉक्टर आणि शेजारचा शिंपी यांना बोलावलं होतं. शिंपी तापाने पडला. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीची सही करू नये, म्हणून भिंगरी चालत नव्हती. तेवढ्यात धाकटा आला. मला दवाखान्यात कोण नेणार, हे विचारायला आलो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला. टेबलावरचा कागद न विचारता उचलला आणि चष्मा लावून वाचू लागला. पाचव्या कलमाशी थांबला.

"एवढ्याशा जागेत मशीन आडवं कसं पडेल?"

"नाहीच पडणार," भिंगरी म्हणाली.

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग वकीलबाईंना म्हणाला, "मला काही मिळणार नसेल तर मी साक्षीदार चालेन?"

"चालाल."

"मग माझं नाव खोडा."

मी म्हटलं, "अरे, अर्धं तुझंच आहे."

"माझंच आहे ना अक्का? मग कोणाला द्यायचं ते मला ठरवू दे."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

कलम ५ (सुधारित). संपूर्ण दुकान, पुढून मागपर्यंत, भिंगरीला. पार्टिशन घालू नये.

ठिकाण : दुकान, पुढचं टेबल
दिनांक : दवाखान्यात भरती होण्याआधीचा सोमवार

मृत्युपत्र करणारी : अक्का (सही)

साक्षीदार १ : दातांचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २ : अक्काचा धाकटा भाऊ (सही). अक्काने माझ्यादेखत सही केली. कलम ३ मधला पल्सेटरबद्दलचा मजकूर मला साफ अमान्य आहे. त्यावर भांडायला तिने ऑपरेशन करून नीट घरी यावं. मी दवाखान्यात बाहेर बसलेलो असेन.