साहेब फीतच कापताहेत

४ ऑगस्ट
वैताग! जिंतूर रोडवरच्या शाळेची बातमी सकाळी माझ्या वेबसाइटवर टाकली. पाच फोटो, एकामागून एक सरकणारे. पहिला शिक्षण खात्याच्या साहेबांचा, शाळेच्या नव्या फाटकाची फीत कापताना – पहिला मान पाहुण्यांचा, हा आम्हा वार्ताहरांचा रिवाज. पुढचे चार वर्गाच्या भिंतीचे. भेगेत माझा पंजा जातो. त्याच भिंतीला टेकून दुसरीच्या मुली बसतात.

माझ्या मोबाईलवर फोटो सरकतात. आमच्या महेश्वरीच्या मोबाईलवर साहेब फीतच कापताहेत. "अहो, भिंत कुठंय?"

५ ऑगस्ट
स्टेशनजवळ सुगतच्या दुकानात गेलो. वेबसाइट त्यानंच बनवलीय. "सर, माझ्याकडं झकास चालायलंय. मॅडमच्या मोबाईलचा ब्राउझर लय जुना हाय." म्हणजे दोष वाचकाचा! त्याच्याच गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर बघितलं. एकावर बोट लावलं की फोटोऐवजी सगळं पानच सरकतं, दुसऱ्यावर नुसता पांढरा चौकोन. न हलणाऱ्याला संस्कृतात स्थाणू म्हणतात, शंकराचंच नाव. घरी रोज बेल वाहतो त्याला. मोबाईलवर हे दैवत नको.

६ ऑगस्ट
साहेबांचा मेसेज – "बातमी पाहिली. फाटक सुंदर दिसते. आभार." भिंतीबद्दल अवाक्षर नाही! त्यांच्याही मोबाईलवर पहिलाच फोटो अडकला असणार. सुगतला फोनवर तोंडाला येईल ते बोललो.

दुपारी शाळेतल्या सुकेशनीबाईंचा फोन. "सर, साहेबांनी बघितलं का? पोरींच्या वह्यांवर माती पडायलीय." काय सांगू बाईंना? ब्राउझर आडवा आला म्हणून?

७ ऑगस्ट
सुगत फोन उचलत नाही. न उचलू दे.

८ ऑगस्ट
जमवलं त्यानं. दुकानात येईल त्याचा मोबाईल मागून घेऊन तपासत बसला होता म्हणे. "आता हलत न्हाई म्हणंल त्याला माझ्याकडं धाडा. अन् सर, त्या दिवशी बोललात ते काय बरं न्हाई केलं." महेश्वरीच्या मोबाईलवरही भिंत आली. साहेबांना लिंक पुन्हा पाठवली.

उत्तर नाही.

११ ऑगस्ट
साहेबांच्या कचेरीत गेलो. म्हटलं, तुमच्या मोबाईलवर फोटो अडकले होते, आता सरकतील. ते हसले. "अडकले कुठं? त्याच दिवशी पाहिले की मी, पाचही. चहा घेणार?"